हेरिबुर्गताईच्या चुका

आलेलुयाचा शेवटचा शनिवार

आज पुन्हा मीच गुडघे टेकले. चूक हेरिबुर्गताईची, गुडघे माझे!

संध्याकाळच्या प्रार्थनेत आलेलुया, देवाच्या स्तुतीचा तो शब्द, शेवटचा म्हटला. आता उपवासकाळ येतोय, थेट ईस्टरपर्यंत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. म्हणून आजच्या दिवशी आम्ही तो पोटभर गाऊन घेतो. ताई उजव्या रांगेच्या टोकाला, मी डाव्या. थंडी असूनही गळा छान तापला होता. आणि शेवटच्या लांब तानेत, जिथे नुसत्या 'या'वर सूर चढत जातो, तिथे ताई घसरली. खाली. फार नाही, पण ज्याला कान आहेत त्याला कळेल इतकी. तिच्यामागे अख्खी उजवी रांग खाली गेली. मी माझा सूर सोडला नाही, त्यामुळे दोन्ही रांगा एकमेकींना घासल्या. घासात खडा यावा तसं वाटलं.

नियम सगळ्यांना पाठ आहे. गाताना जी चुकेल तिनं तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत, गुडघे टेकून जमिनीला हात लावायचा. टेकले की चूक तिची, विषय संपला. कोणीच टेकले नाहीत तर गोष्ट मठमातेपर्यंत जाते आणि शिक्षा मोठी होते. मी ताईकडे पाहिलं. ती सरळ उभी, माझ्याकडेच बघत होती. तिला पत्ताच नव्हता! मग मी टेकले.

या हिवाळ्यात असं कितीदा झालं, मोजायचं सोडून दिलंय. तापाची साथ येऊन गेली तेव्हापासूनच हे चाललंय. आमच्यातल्या दोघी दगावल्या. मी वाचले. ताप उतरला, कान वाहायचा थांबला, उठून गायला उभी राहिले, तर ताईचा हा प्रकार! साठी उलटलेली बाई. मी या मठात आले तेव्हा मला स्वतःचं नाकही पुसता येत नव्हतं. स्तोत्रं तिनं शिकवली, एकेक ओळ, माझी बोटं धरून. तिला सगळ्यांपुढे खाली बसलेलं मला बघवणार नाही. माझे गुडघे गेले तर जाऊ देत.

हे कातडं म्हणजे ग्रंथाची पानं कापून उरलेली पट्टी आहे. लेखनघरातून उचलली. आमच्याकडे टाकसुद्धा 'माझा' म्हणायचा नाही, तेव्हा हे पापच. असू दे. कुठेतरी बोलायला हवं.

सोमवार

ओडा मला छळते. गाताना माझ्या शेजारी उभी असते. विशीतली पोरगी, तोंडभर ठिपके, आवाज मात्र निर्मळ. आज सकाळच्या स्तोत्रात दोनदा माझ्या पायावर पाय दिला. मी चिमटा काढला.

आणि हातवारे! जेवताना बोलायची बंदी असते, तिथे खुणा ठीक आहेत. मासा हवा असेल तर हात शेपटीसारखा हलवायचा, पाव हवा तर बोटांनी गोल करायचा. पण ही बागेतसुद्धा, बोलायची मुभा असताना, माझ्याशी खुणांनीच बोलते. मी म्हटलं, जीभ गहाण टाकलीस का गं? हसली, आणि परत खुणाच.

तशा हल्ली सगळ्याच तोंडातल्या तोंडात बोलतात. थंडीनं जबडे आखडलेत.

उपवासकाळाचा पहिला बुधवार

बिशपांचा निरोप आला. माझ्या कवितेवरून!

सकाळच्या सभेत मठमाता रिखगार्डनं तो सगळ्यांना सांगितला. ही बाई सरदाराची लेक. मठात आली तीच घोडे घेऊन. अजूनही आमच्याशी तबेल्यातल्या नोकरांशी बोलावं तशी बोलते, पण मनात काही ठेवत नाही. म्हणाली, "इम्मा, तू ईस्टरच्या आलेलुयाला शब्द घातलेस ते बिशपांच्या कानावर गेलंय. देवाच्या शब्दांत पदरचे शब्द कालवायला कोणी सांगितलं, असं विचारतात."

कोणीच सांगितलं नव्हतं. ती तान माणसाचा जीव घेते. शब्द नाही, आधार नाही, नुसता सूर वळणं घेत जातो, आणि अर्ध्या जणी वाटेत हरवतात. गेल्या उन्हाळ्यात तळ्यावर कपडे धुताना मला सुचलं की एकेका सुराखाली एकेक अक्षर घालावं. अक्षर असलं की वाट सापडते. मेणाच्या पाटीवर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. पानं गळेपर्यंत पुरं झालं. येशूच्या रिकाम्या थडग्यापाशी सुगंधी तेल घेऊन आलेल्या बायकांचं आहे. त्यातल्या दोन ओळी मला फार आवडतात —

*ठेवा ठेवा खाली तेल, बायांनो,*
*लेपायाला इथे आता कोणी नाही.*

ताईला म्हणून दाखवलं तेव्हा ती रडली होती. म्हणाली होती, ईस्टरला हे तूच पुढे राहून गायचंस.

तर आता बिशप ईस्टरला आपला माणूस पाठवणार. रुओथो नावाचा पुरोहित, मेत्झच्या गायनशाळेत शिकलेला. तो एकदाच ऐकणार. रचना धड वाटली आणि धड गायली गेली तर राहील. बिशप ती दुसऱ्या मठांनाही देतील. नाही तर पान खरवडून कोरं करायचं आणि परत असलं धाडस करायचं नाही.

एकदाच! आणि मधल्या काळात चर्चमध्ये गाऊन बघायची सोय नाही, कारण आलेलुयाची चाल ईस्टरपर्यंत बंद. पानावर शब्दांच्या डोक्यावर मी सुराच्या खुणा केल्यात. पण खुणा सांगून सांगून सांगणार किती? सूर चढला की उतरला एवढंच. किती चढला ते कानानंच ठरवायचं.

रात्री जेवणात वाटाण्याचं पातळ कालवण होतं. ओडाकडे सरकवलं.

शुक्रवार

ऊबेच्या खोलीत आम्ही शेकत बसलो होतो. मठमाता येऊन म्हणाली, पुढे कोण गाणार ते आजच ठरवा. मी तोंड उघडणार तोच हेरिबुर्गताई म्हणाली, "मी गाईन."

मला वाटलं, थट्टा करतेय.

नंतर तिला कोपऱ्यात गाठलं. मी म्हटलं, ताई, तूच म्हणाली होतीस ना मी गायचं म्हणून? ती माझ्याकडे बघेना. हातात हाडाच्या त्या दोन पट्ट्या होत्या, मुख्य गायिकेनं गाताना धरायच्या, त्याच एकमेकींवर घासत बसली. "शब्द तुझे, गळा माझा," म्हणाली. "तेवढं पुरे की गं."

पुरे? माझं गाणं तिच्या घसरणाऱ्या सुरावर जाणार. मेत्झमध्ये शिकलेल्या माणसापुढे! तो काय माझ्यासारखा गुडघे टेकून सांभाळून घेणार आहे?

राग राग झाला. पापाच्या यादीत हेही.

दुसऱ्या रविवारनंतरचा मंगळवार

आज दोनदा टेकले. गुडघे सुजलेत. स्वयंपाकघरातून डुकराची चरबी मागून आणली, पण उपवासात चरबी हातात दिसली म्हणून कोठीवाली ओरडली. खाण्यासाठी नाही गं बाई, चोळण्यासाठी!

संत बेनेडिक्टचा दिवस

तळ्याचा बर्फ फुटला. पहाटे म्हणे एवढा मोठा आवाज झाला की सगळ्या अंथरुणातून उठून बाहेर धावल्या. आल्बरी तर शेवटचा दिवस आला समजून पापं कबूल करायला लागली, सगळ्यांची करमणूक झाली. मी मात्र मेल्यासारखी झोपले होते. सकाळी पाहते तो तळं काळं, मोकळं. मला कोणी उठवलं नाही याचं जरा वाईट वाटलं.

आज सण, म्हणून ताजा मासा आणि बोलायची मुभा. मी धीर केला. ताईला बागेच्या भिंतीपाशी घेऊन गेले आणि सरळ विचारलं, ताई, तुला स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो का?

तिनं माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, "तुझा ताप अंगातून पुरता जाऊ दे. ऊन पडू दे. मग बघू."

मी तिच्या कानाचं विचारतेय, ही माझ्या तापाचं सांगतेय! माणूस स्वतःचं दुखणं कसं टाळतं ते बघावं. मी परत विचारलं तर माझ्या डोक्यावरचं कापड सारखं केलं, लहानपणी करायची तसं, आणि निघून गेली.

मला रडू आलं. एवढी मोठी गाणारी. तिचा आवाज गेला तर तिच्याजवळ उरतं काय? आणि मी हे सगळ्यांपासून झाकून ठेवतेय त्यानं तिचं भलं होतंय की वाईट? आजवर वाटत होतं, झाकणं म्हणजे माया. आता वाटतं, मीच तिला खड्ड्याकडे चालू देतेय.

मरियेला वार्ता मिळाली तो दिवस

केलं. सांगितलं.

गेले काही दिवस झोप नाही. डोळा लागला की तो रुओथो दिसतो. तोंड आठवत नाही, कारण पाहिलेलंच नाही. नुसता एक कान. कान आणि चाकू, पान खरवडायचा.

दुपारी मठमातेच्या खोलीत गेले. ती हिशेबनिसाला झापत होती, त्याला घालवून दिलं. मी उभ्याउभ्याच बोलले, कारण बसले असते तर धीर सुटला असता. म्हटलं, आई, हेरिबुर्गताईचा सूर गेलाय. हिवाळाभर ती खाली घसरते आणि तिच्यामागे सगळ्या. मी गुडघे टेकून तिची चूक माझ्या अंगावर घेत आले. पण ईस्टरला ती पुढे राहिली तर गाणंही बुडेल आणि तिची शोभाही होईल.

मठमातेनं हिशेबाची पाटी बाजूला ठेवली. मग म्हणाली, "तू तिच्यासाठी टेकत होतीस?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी, आई."

ती उठून खिडकीशी गेली. पाठ करून काहीतरी बोलली, मला कळलं नाही. वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. रिखगार्डचे डोळे! जिनं सख्ख्या भावाला पुरताना टिपूस काढलं नव्हतं! तिचीही ताईवर एवढी माया असेल असं वाटलं नव्हतं.

"बरं," म्हणाली. "मी तिच्याशी बोलते. तू जा."

बाहेर आले. जिनं मला गायला शिकवलं तिची मी चुगली केली. गाण्यासाठी केली, तिच्यासाठी केली, सगळं खरं. पण मनाच्या तळाशी एक गोष्ट आहे, ती इथे लिहिते आणि कुठेच सांगणार नाही: मला ते स्वतः गायचं आहे. मला फार गायचं आहे.

पुढचा दिवस

ताई आज माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. नुसती बघत होती. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

झावळ्यांचा रविवार

झावळ्या इकडे कुठल्या! विलोच्या फांद्या घेऊन अंगणाला फेरी घातली. चिखल गुडघ्यापर्यंत.

फेरीनंतर सगळ्यांना थांबवून मठमाता म्हणाली, ईस्टरला इम्मा पुढे राहून गाईल. बस, एवढंच. कारण सांगितलं नाही. मग ताई स्वतः रांगेतून बाहेर आली. हाडाच्या त्या दोन पट्ट्या तिनं माझ्या हातात ठेवल्या आणि माझी बोटं त्यांच्यावर मिटवली. तिचे हात गरम होते. मी मान वर केली नाही.

जिंकले, आणि असं वाटतंय की चोरी केली.

ओडा रडत होती. तिला ताई फार आवडते. सगळ्यांनाच आवडते. आता या सगळ्या मनातून माझ्यावर जळणार, आणि त्यांनाच घेऊन मला गायचंय. तीस गळे. त्यातली एक जरी मुद्दाम वाकडी गेली तर?

पवित्र सप्ताह, बुधवार

काहीतरी शिजतंय.

जेवणानंतर मी लेखनघरात पान पक्कं करत बसले होते. शाई संपली म्हणून खाली आले तर अंगणात चिटपाखरू नाही. ऊबेच्या खोलीत कोणी नाही, बागेत कोणी नाही. शोधत शोधत तळ्याकाठच्या धुण्याच्या खोलीपाशी गेले. दार लोटलेलं. फटीतून पाहिलं तर सगळ्या आत! दोन रांगांत उभ्या, मध्ये हेरिबुर्गताई. ती हातानं सूर दाखवत होती आणि यांची तोंडं हलत होती. अगदी हळू गात होत्या, मला दाराला डोकं टेकवावं लागलं.

माझं गाणं! शेवटची तान!

आणि बरोबर गात होत्या. अगदी बरोबर, माझ्या मनात आहे तशी. एकही घसरली नाही. ताईसुद्धा नाही! हिवाळाभर मी जे ऐकण्यासाठी तळमळले ते या धुण्याच्या खोलीत, ओल्या चादरींमध्ये, माझ्या पाठीमागे चाललं होतं.

मग चर्चमध्ये काय होतं यांना? मुद्दाम करतात?

मी दार ढकललं. सगळ्या एकदम गप्प. कोणी चादर उचलली, कोणी बादली. मी विचारलं, माझ्यावाचून काय चाललंय? ताई म्हणाली, "या तुझ्या मागून नीट याव्यात म्हणून घोटून घेतेय." आणि परत तेच, माझ्याकडे न बघणं.

आलेलुयाची चाल, उपवासात! नियम मोडून! ताईनं जन्मात कधी नियम मोडला नाही. ती तो माझ्या मदतीला मोडेल की मला पाडायला? सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, या न सांगण्यानं जीव जाईल माझा.

रुओथो आज संध्याकाळी आला. बुटका, टक्कल पडलेला, सर्दी झालेला. असल्या माणसाची स्वप्नं पाहून मी झोप घालवली!

शुक्रवार

घंटा बंद. पाणीसुद्धा नाही. आवाज खराब होऊ नये म्हणून कोणाशी बोलले नाही. सगळ्या जणी माझ्याशी फार मऊ वागताहेत. त्याचीच भीती वाटते.

ईस्टर

गायले.

नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

चर्च भरलं होतं. गावातले लोक दारापर्यंत. रुओथो वेदीच्या बाजूला, नाक पुसत. मी रांगांच्या मध्ये उभी राहिले, हाडाच्या पट्ट्या हातात. ताई डाव्या टोकाला, माझ्या जागी. एवढ्या आठवड्यांनी पहिला आलेलुया मी उचलला आणि तो माझ्या छातीतून असा निघाला की मीच दचकले. त्या मागून आल्या. मग माझे शब्द. बायका थडग्याकडे निघाल्या, तेल घेऊन, दगड कोण सरकवणार म्हणत. त्या माझ्यासोबत होत्या, सगळ्या, पावलाला पाऊल. *ठेवा ठेवा खाली तेल* — तिथे ओडाचा आवाज माझ्या आवाजाला असा लागून आला की माझे डोळे भरले. मी मनात म्हटलं, मी किती वाईट आहे, यांच्यावर संशय घेतला.

मग शेवटची चढण आली. आणि त्या घसरल्या.

आधी उजवीकडून एकीचा धीर सुटला. मला कळलं, काटा रुतावा तसं कळलं. मग दुसरी, मग रांगच्या रांग खाली. मी सोडलं नाही. मी एकटी वर, त्या सगळ्या खाली, आणि मध्ये ती भयंकर घासणारी फट. ताई मला धरून होती बराच वेळ, फक्त ती एकटी, मग तिचाही श्वास संपला. शेवटचा सूर मी एकटीनं संपवला. दगडी छतात तो घुमत राहिला असेल. मला नुसता माझा श्वास जाणवत होता.

रुओथोनं मान वर केली. तो आता बघणार होता, चूक कोणाची. टेकेल तिची. मी खिळल्यासारखी उभी. मनात एकच होतं: आज नाही. आज मी टेकणार नाही. आज मी टेकले तर माझं गाणं चुकलं असं होईल.

तेव्हा हेरिबुर्गताई खाली बसली. म्हातारीचे गुडघे, फरशीवर आदळले. जमिनीला हात लावला. तिच्यामागे ओडा. मग आल्बरी, मग कोठीवाली, मग डावी रांग पुरी, मग उजवी. शेवटी आपल्या आसनावरून मठमाता रिखगार्ड, जी गातसुद्धा नाही! सगळ्या खाली. मी एकटी मध्ये उभी, हातात दोन पट्ट्या.

रुओथो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यांच्याकडे. मग परत माझ्याकडे. आणि शुभवर्तमान वाचायला वळला.

दुपारी निकाल सांगितला. गाणं राहणार! शब्द उत्तम आहेत, रचना सुराला धरून आहे, नक्कल करून बिशपांकडे नेतो म्हणाला. मठमातेनं मला सगळ्यांसमोर छातीशी धरलं. जेवणात अंडी होती, कोकरू होतं, फ्रांकोनियाची वाईन होती. मी काय खाल्लं ते आठवत नाही.

ईस्टरनंतरचा सोमवार

मन शांत झाल्यावर त्यांची दया येतेय. घाबरल्या बिचाऱ्या. बिशपांच्या माणसासमोर गळा आवळला असेल. पण निदान आपण चुकलो हे समजलं आणि सगळ्यांनी कबूल केलं. मोठेपणाच तो.

ताईही संध्याकाळी आली. मी पट्ट्या परत देऊ केल्या, आता सण झाला म्हणून. तिनं घेतल्या नाहीत आणि नाकारल्याही नाहीत, माझ्या मांडीवर तशाच राहू दिल्या. मी तिचा हात धरून सांगितलं, ताई, माझ्या मनात काही नाही. झालं ते झालं. ती रडायला लागली. मी तिला माफ केलं.

रुओथो उद्या निघणार. त्याला गाठून सांगायला हवं की त्यांच्या चुकीचं बिशपांपाशी बोलू नका.

मंगळवार

फाटकापाशी गाठलं. म्हटलं, महाराज, आमच्या बायकांची चूक पोटात घाला.

तो घोड्यावर चढता चढता थांबला. खाली उतरला, माझ्या अगदी जवळ आला आणि मोठ्यानं बोलला, पलीकडच्या काठावरच्या माणसाशी बोलावं तसा.

"बाई, चूक एकीचीच होती. ती उभी होती."

तो म्हणाला, तुमचे शब्द चांगले आहेत, ते जगतील. तुमच्या मोठ्या गायिकेला विचारा, सणाआधी तिनं या सगळ्यांना काय शिकवलं ते.

नाही विचारलं. विचारायची गरज नाही. त्या धुण्याच्या खोलीत तीस चांगल्या गळ्यांना ती माझ्यासारखं चुकायला शिकवत होती. ईस्टरला त्या घसरल्या त्या खऱ्या सुरावर.

मी एकदाही तिच्यासाठी गुडघे टेकले नव्हते.